साल पुसलेला अमेरिकन तांब्याचा सेंट: असली नाणी जमवावीत का?

राहवेकर
नमस्कार मंडळी.
आजोबांची एक शिवराई आमच्या देव्हाऱ्यात असायची. रोज पूजेत हात लागून लागून तिच्यावरचं 'छत्रपती' जवळजवळ पुसलं होतं, 'छ'चं वळण तेवढं बोटाला लागायचं. ती आता धाकट्या काकांकडे आहे. मी न्यू जर्सीत येऊन अठरा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात एका रविवारच्या बाजारात बिस्किटांच्या डब्यात काळपट तांब्याची नाणी दिसली आणि हात आपोआप तिकडे गेला.

हे जुने अमेरिकन सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ पासून १८५७ पर्यंत पाडलेले. आजच्या सेंटच्या दीडपट रुंद आणि चांगले जाड. आता माझ्याकडे अकरा झालेत, एकालाही चाळीस डॉलरांपेक्षा जास्त दिलेले नाहीत. सगळे झिजलेले आहेत.

ऑफिसातला एक मित्र नाणी जमवतो. तो म्हणाला, "या गुळगुळीत चकत्यांना कोण विचारतो? अकरांच्या पैशांत एक चांगलं घे." तेव्हापासून मन खट्टू आहे. म्हणून दोन प्रश्न.
पहिला: इतकी झिजलेली नाणी जमवण्यात काही अर्थ आहे का?
दुसरा: त्यातल्या एकावर साल अजिबात दिसत नाही. छाप्यावर उजवीकडे पाहणारी बाई, खांद्यावर वस्त्र, केसांत फीत. 'लिबर्टी'ची शेवटची तीन अक्षरं आहेत. काट्यावर पानांच्या दोन डहाळ्या, मधे 'वन सेंट' अंधुक. साल कळायला काही वाव आहे का? पस्तीस डॉलर दिले होते.

शेंदूर७७
धागा आवडला. फोटो टाका ना.

खुर्दा
राहवेकर, आधी बाईची ओळख करून देतो. खांद्यावर वस्त्र असलेली ही लिबर्टी १७९६ ते १८०७ या काळातली. म्हणजे बारा वर्षांच्या आत आलात, सुरुवात वाईट नाही. पुढचं काट्यावरून काढू.

आता पहिला प्रश्न. मी हे सेंट वीस वर्षं जमवतोय. तुमच्या मित्राने झीज आणि खराबी एकाच टोपलीत टाकली आहे. झीज म्हणजे हातांनी, खिशांनी, गल्ल्यांनी हळूहळू नेलेलं तांबं. खराबी म्हणजे गंज, खड्डे, ओरखडे, कोणीतरी घासून आणलेली खोटी चमक. तांब्यात या दोहोंचा हिशोब वेगळा ठेवतात.

अमेरिकेत जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठीच 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' नावाचा क्लब आहे, १९६७ साली सुरू झालेला. तिथले लोक आधी झीज बघून दर्जा ठरवतात, मग खराबीसाठी त्यातून वजा करतात. चेहरा, केस, पानं स्पष्ट आहेत पण अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे आहेत, असं नाणं वजाबाकीत खूप खाली येतं. उलट सगळे उंचवटे गेलेले, पण अंग साफ, रंग चॉकलेटी, हातात साबणासारखं मऊ लागणारं नाणं त्याच्या पातळीवर मान मिळवतं. त्यांच्यात पृष्ठभागाची प्रतवारीही वेगळी असते: चॉइस, ॲव्हरेज आणि स्कडझी. स्कडझी म्हणजे आपल्याकडचं 'किटकं'.

तुमचं नाणं झिजलेलं आहे की किटकं, हे आधी सांगा.

राहवेकर
खुर्दा, अंग साफ आहे. कडेला एक जुना ठोका आहे, बाकी काही नाही. रंग कोकमासारखा.

प्राजक्ता_एम
मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. मीही अशाच उत्साहात दोन वर्षांत चौदा झिजलेले सेंट घेतले होते. घर बदलताना पैसे हवे होते म्हणून विकायला काढले, तेव्हा एका दुकानदाराने सरसकट वजनावर मोजावेत तसा भाव सांगितला. दिलेल्या पैशांतले निम्मेही परत आले नाहीत. तेवढ्याच रकमेत १८५० च्या आसपासचे दोन छान स्पष्ट सेंट आले असते आणि ते लगेच गेले असते. आनंदासाठी घ्या, जरूर घ्या. पण घरात कोणी विचारलं तर "ही गुंतवणूक आहे" असं सांगू नका.

खुर्दा
प्राजक्ता, तुमचं म्हणणं रास्त आहे. सरसकट घेतलेली नाणी सरसकटच जातात. पण चौदांमधली किती तुम्ही साचा ओळखून घेतली होती?

प्राजक्ता_एम
एकही नाही. तेव्हा साचा वगैरे काही माहीत नव्हतं.

खुर्दा
तिथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साचा म्हणजे ज्याने नाण्यावर छाप उठवतात तो पोलादी ठोकळा. त्या काळी प्रत्येक साचा कारागीर हाताने तयार करत. अक्षरं, आकडे, पानं एकेका पंचाने, म्हणजे छोट्या पोलादी ठशाने, ठोकायची. त्यामुळे दोन साचे कधीच एकसारखे नसायचे. एकट्या १७९४ सालच्या सेंटचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी दीडशे वर्षांपूर्वी त्यांना गमतीदार नावं दिली: पॅटागोनियन, व्हीनस मरीना, स्कार्ड हेड. १७९४ च्याच एका काट्यावर कडेने ९४ बारीक चांदण्या आहेत. त्या कोणी आणि का कोरल्या असतील, यावर अजून वाद घालतात.

पुढे विल्यम शेल्डन यांनी १९४९ च्या पुस्तकात १७९३ ते १८१४ पर्यंतच्या सेंटच्या प्रकारांना क्रमांक दिले. आज पुण्यामुंबईतही प्लास्टिकच्या डबीत बंद नाण्यावर ६५, ६३ असे आकडे दिसतात, ते एक ते सत्तरचं मोजमाप याच पुस्तकातलं. मुळात ते भावाचं गणित होतं. ओळखता येईल इतपत उरलेलं नाणं एक, आणि निर्दोष नाणं त्याच्या सत्तरपट किमतीचं.

झिजलेल्या नाण्यावरही पानाचं टोक कोणत्या अक्षराखाली येतं, गाठ कुठे आहे, एवढं उरलं तरी साचा सापडतो. दुर्मीळ साच्याचं गुळगुळीत नाणं साध्या साच्याच्या देखण्या नाण्यापेक्षा महाग जाऊ शकतं.

दामाजी_पुणे
शिवराई वाचणाऱ्याला हे नवीन नाही. आपल्याकडे साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून 'श्री राजा शिव' पूर्ण कधीच उमटत नाही. कुठे 'जा' आणि 'शि'ची मान, कुठे नुसती रेघ. तरी चार वर्षं हाताळल्यावर अक्षराच्या वळणावरून नाणं ओळखता येतं. राहवेकर, तुमचा हात तयार आहे, फक्त लिपी बदलली.

अजून एक सांगतो, ऐकून बरं वाटेल. १७९७ पासून फिलाडेल्फियाची टांकसाळ बऱ्याचशा कोऱ्या चकत्या इंग्लंडातून मागवायची, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून. याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीने १७९१ आणि १७९४ चे मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे पाडले होते. एका बाजूला कंपनीची चार भागांची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. माझ्याकडे १७९१ चं एक आहे, झिजलेलंच. म्हणजे तुमचा सेंट आणि माझा मुंबईचा पैसा एकाच कारखान्याचे चुलतभाऊ असू शकतात.

राहवेकर
दामाजी, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजीच्या बोलण्यात 'अदल' शब्द असायचा, "अदल घडली" असं म्हणायची. तो मुंबईच्या पैशावर होता हे माहीत नव्हतं.

तांबडं_फुटलं
भारताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १७९४ आणि १७९५ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅलबट, अलम अँड ली या व्यापारी पेढीने बर्मिंगहॅममध्ये पाडलेली तांब्याची टोकनं, म्हणजे खासगी नाणी, चालवली. एका बाजूला गलबत. ही पेढी भारताशी व्यापार करायची. टांकसाळीला तांब्याची एवढी चणचण होती की तिने हीच टोकनं विकत घेतली, कापून गोल केली आणि त्यांच्यावर अर्ध्या सेंटचा छाप मारला. १७९५ आणि १७९७ च्या काही अर्ध्या सेंटवर नव्या छापाखालून जुन्या टोकनची रेघ डोकावते. मी तसलं एकच पाहिलंय, दुसऱ्याच्या हातात. अर्धा तास परत द्यावंसं वाटलं नाही.

मीठभाकर
सगळ्यांना एक विनंती: नाणी घासू नका.

माझ्या वडिलांनी बोस्टनजवळून आणलेला १८१६ चा सेंट आई आमच्याकडे आली असताना तिच्या नजरेस पडला. तिला तो मळका वाटला. तांब्याची भांडी जशी लख्ख करते तशी तिने चिंच आणि मीठ लावून घासली. संध्याकाळी ताम्हनासारखा गुलाबी होऊन ताटलीत ठेवलेला. किती प्रेमाने केलं होतं! मी काहीच बोललो नाही, तिला चहा करून दिला. पण दोनशे वर्षांत चढलेली ती तपकिरी साय पाच मिनिटांत गेली, आणि ती परत येत नाही. कोणी गंधक लावून रंग परत आणतात, पण जाणत्याला तो लगेच कळतो.

तो सेंट मी विकणार नाही. त्याच्यावर आता आईचा हात आहे.

शेंदूर७७
मीठभाकर, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

कल्हईवाला
मग मळ काढायचाच नाही का? माझ्या एका सेंटवर हिरवा कळंक आहे. भांड्यावर कल्हई नसली की ताक कळकतं, तसाच. तो वाढत गेला तर नाणं खाईल ना?

खुर्दा
वाढणारा कळंक काढायलाच हवा. तेलकट मळ आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा झायलीन नावाच्या द्रावकात बुडवून निघतो. झायलीन विषारी आणि ज्वालाग्राही आहे. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून लांब. मग 'कॅमल हेअर' म्हणतात त्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झटकायचं. घट्ट बसलेला कळंक भिंगाखाली गुलाबाच्या काट्याने किंवा बांबूच्या टोकाने कणाकणाने काढतात. सुई नको, तांबं मऊ असतं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही नको. खाली खड्डा असेल तर तो राहणारच, कळंकाने आधीच खाल्लेलं असतं.

घोडनाणे
राहवेकर, तुमचं नाव पाहूनच मी धाग्यात आलो. राहवेत राहता ना? तुमच्या गावातच एक टांकसाळ होती हे ठाऊक आहे?

फिलाडेल्फियाच्या आधी राज्यं आपापलं तांबं पाडत. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १७८६ च्या जूनमध्ये मोल्ड, गोड्सबी आणि कॉक्स या तिघांना तीस लाख नाण्यांचा ठेका दिला. एक कारखाना राहवेत, दुसरा मॉरिसटाउनला. छाप्यावर घोड्याचं डोकं आणि खाली नांगर, वर लॅटिनमध्ये 'नोव्हा सीझेरिया', म्हणजे न्यू जर्सी. मागे ढाल, आणि भोवती 'ई प्लुरिबस उनुम', म्हणजे 'अनेकांतून एक', जे देशाच्या राजमुद्रेवरचं बोधवाक्य आहे. ते ज्या नाण्यावर पहिल्यांदा आलं ते हे. पुन्हा तेच डॉक्टर मॅरिस: या घोड्यांचेही प्रकार त्यांनीच लावून ठेवले, १८८१ मध्ये.

मी शेतमालकाची परवानगी घेऊन डिटेक्टर फिरवतो. गेल्या एप्रिलमध्ये मका काढलेल्या वावरात अर्ध्या हातावर एक घोडा सापडला. जमिनीतल्या आम्लाने आणि खताने काळा पडलेला, नाकपुडी आणि नांगराचा दांडा तेवढा शिल्लक. खुर्दांच्या हिशोबाने शुद्ध किटका. पण ज्या तालुक्यात पाडला त्याच तालुक्याच्या मातीतून दोनशे तीसपेक्षा जास्त वर्षांनी वर आला. शेतमालक सत्तरीचे आहेत. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ मूठ उघडली नाही. शेवटी म्हणाले, "तू ठेव, पण माझ्या नातीला दाखवायला आणत जा." दर उन्हाळ्यात घेऊन जातो.

राहवेकर
अठरा वर्षं झाली, रोज राहवे नदीवरून गाडी जाते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. शनिवारी मुलीला घेऊन जातो.

प्राजक्ता_एम
घोडनाणे, तुमच्या त्या घोड्याला मी माझ्या विक्रीच्या हिशोबातून वगळते.

कल्हईवाला
एक भाबडा प्रश्न. ही नाणी एवढी झिजेपर्यंत चालली कशी? आपल्याकडचा दहा पैशांचा शिक्का एवढा झिजलेला मी पाहिला नाही.

तांबडं_फुटलं
कारण ती बदलून घ्यायला कोणी येत नव्हतं. सेंट हे कायदेशीर चलन नव्हतं, म्हणजे देणं फेडताना ते स्वीकारायची सक्ती नव्हती. ईशान्येकडच्या शहरांत पाव, दूध, वर्तमानपत्र यासाठी ते फिरत राहिले, परदेशी चांदीच्या नाण्यांच्या जोडीने. साठ वर्षांत कधीच परत बोलावले नाहीत. शेवटी फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने मोठा सेंट बंद झाला. २५ मे १८५७ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीसमोर लोक जुनी नाणी घेऊन नवे छोटे सेंट घ्यायला रांगा लावून उभे होते. जुनी नाणी दिसेनाशी होतील या हुरहुरीने कितीतरी लोक तेव्हाच संग्राहक झाले.

दामाजी_पुणे
बनावट नाण्यांबद्दल कोणीतरी लिहा. भारतात बसून नेटवरून घेणाऱ्यांना हीच मोठी भीती.

खुर्दा
भीती खरी आहे. खोटी नाणी फक्त चकचकीत असतात असं समजू नका. खऱ्या झिजलेल्या नाण्यावरून साचा बनवून झिजलेलीच खोटी नाणी पाडतात. वजन बरोबर, धातू तांबंच, लोहचुंबकाने काही कळत नाही. पण मूळ नाण्यावरचा ओरखडा प्रत्येक प्रतीवर त्याच जागी येतो. म्हणून दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या नाण्यांवर हुबेहूब एकच खूण दिसली की हात मागे घ्यायचा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकलेवर 'कॉपी' असं कोरणं बंधनकारक आहे. फसवणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

दुसरी जुनी लबाडी म्हणजे साल बदलणं. १७९९ चा सेंट दुर्मीळ, म्हणून १७९८ च्या आठाला कोरून नऊ करतात. १८०४ च्या बाबतीत मात्र एक चांगली कसोटी आहे: सालातलं शून्य आणि मागच्या बाजूच्या 'ऑफ'मधला ओ अगदी पाठीला पाठ लावून येतात. नाणं बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं तरी कळतं.

राहवेकर, तुमच्या नाण्याचं राहिलंच. खोलीतले दिवे मालवा. एकच दिवा टेबलाच्या पातळीला ठेवा, म्हणजे प्रकाश नाण्यावर आडवा पडेल. काटा वर करून नाणं हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणारी अक्षरं आडव्या उजेडात सावलीने वर येतात. तीन गोष्टी बघा: डहाळ्या बांधणाऱ्या फितीच्या गाठीखाली किती देठ आहेत, तळाचा अपूर्णांक काय आहे, आणि 'युनायटेड'चं पहिलं अक्षर कसं दिसतं.

राहवेकर
मुलीला सोबत घेऊन बसलो. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले.

गाठीखाली देठ एकच आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आधी वाटलं झिजला असेल, पण त्या जागी सावलीसुद्धा पडत नाही. 'युनायटेड'चा पहिला यू खालून जोडलेला वाटत नाही, दोन उभ्या काड्या शेजारी शेजारी असाव्यात तसा दिसतो. अपूर्णांकाचं मात्र कोडं आहे. वर एक आहे. खाली मुलगी म्हणते तीन शून्यं. मी म्हणतो एक आणि दोन शून्यं असणार, शंभरावा भाग ना? तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा शून्यच.

खुर्दा
मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. ती बरोबर आहे.

तुमचा सेंट १८०१ चा आहे. शेल्डन क्रमांक २१९. संग्राहक त्याला 'तीन चुकांचा काटा' म्हणतात. कारागिराने यूचा पंच आधी उलटा ठोकला, मग त्याच्यावर सरळ ठोकला, म्हणून तो दोन काड्यांसारखा दिसतो. एका बाजूचा देठ कोरायचाच राहिला. आणि १/१०० च्या जागी १/००० पडलं. पोलादी साचा करायला मेहनत लागे, म्हणून चुका दिसत असूनही तो फेकला नाही, त्याच्यावर नाणी पाडली. या तीन चुका एकत्र फक्त १८०१ च्या सेंटवर सापडतात, म्हणून साल दिसलं नाही तरी अडत नाही.

या काट्याला खास शोधणारे लोक आहेत. पस्तीस डॉलर वाया गेलेले नाहीत.

प्राजक्ता_एम
राहवेकर, अभिनंदन! आणि माझे ते चौदा आठवून आता झोप येणार नाही. त्यांची मागची बाजू मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

दामाजी_पुणे
वजन करून सांगा.

राहवेकर
१०.३ ग्रॅम.

दामाजी_पुणे
ठरलेलं वजन १६८ ग्रेन, म्हणजे १०.८९ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त तांबं लोकांच्या बोटांनी नेलं.

राहवेकर
मित्राला धाग्याची लिंक पाठवली आहे. मुलीला आता बाकीचे दहाही आडव्या उजेडात बघायचे आहेत, दिवा तिने तिच्या खोलीत नेऊन ठेवलाय.
खुर्दा, एक शेवटचं. पाकिटावर साल लिहायचं आहे. नाण्यावर दिसत नाही, तरी १८०१ असं लिहू ना?

खुर्दा
लिहा. १८०१, एस-२१९, वजन, कुठे घेतलं, आणि कोणी ओळखलं ते मुलीच्या नावाने. नाणं बाहेर असताना पेन्सिलने लिहा. पाकीट कागदाचं, आत सुती अस्तर. पीव्हीसीचं नको.